जमनीचं गोंदण

ता. ४ मार्च १९६२, इतवार

पोचलो एकदाचे. नेरहून निघालो, यवतमाळले मोटार बदलली, पांढरकवड्याच्या अलीकडे फाट्यावर उतरलो. तिथून दवाखान्याची बैलबंडी. बंडीवाला उकंडा म्हणे, बसा, आजारी माणसाले बंडी फुकट, बाकीच्याइले शिव्या. मी म्हटलं मी आजारी नाही, कामाले आली. तर म्हणे, मग शिव्या उद्यापासून. माझी पोट्टी सत्यशीला हसली. खाली पाहूनच हसली, पण हसली. कापसाच्या जिनातल्या आगीनंतर मी तिचं हसणं ऐकलं नव्हतं.

रस्त्यानं सगळा मोहाचा वास. दवाखाना जंगलाच्या काठाले आहे. कौलं, पांढरा चुना, मधात अंगण, अंगणात चिंचेचं झाड. मले एक खोली भेटली. चूल धुरत नाही, विहीर जवळ आहे. अजून काय पाहिजे माणसाले. काम म्हणजे पट्ट्याइची फडकी धुणं, उकळणं, वाळवणं, आणि बायाइच्या खोलीत झाडलोट. नेरच्या डॉक्टरनंच इथं लावून देलं. तो म्हणे, तिथं तरण्या डॉक्टराइले चेहरे दुरुस्त करणं शिकवते. जळालेले, अस्वलानं फाडलेले, महारोगानं नाक बसलेले. तू काम कर, पोरीची मान ते सोडवतील.

तिची हनुवटी छातीले चिकटली आहे. जिनात कापूस पेटला तेव्हा ती गंजीपाशीच होती. जखम भरली, पण आवळून भरली. तेव्हापासून पोट्टीनं आभाळ पाह्यलं नाही. लोकाइले ती पायावरून ओळखते. मी कितीही लांबून आली तरी म्हणते, माय आली. आज बंडीतून उतरल्याबरोबर मले हळूच म्हणे, बंडीवाल्याच्या अंगठ्याले नखच नाही. पाह्यलं तर खरंच.

ही वही तिनंच देली. दीक्षा घेतली त्या वर्सी तिनंच मले अक्षरं शिकवली. म्हणे, नव्या जागी आली, रोज चार ओळी लिह, हात बसन. लिहिते बाप्पा. आज मन हलकं आहे म्हणून जास्ती लिहिली.

ता. ७ मार्च

इथं शिकणं म्हणजे काय असते ते आज पाह्यलं. मले वाटलं पुस्तकं घेऊन बसत असतील. तर सकाऊन चिंचेखाली तिन्ही शिकाऊ डॉक्टर केळं घेऊन बसले. पिकलेलं केळ, त्याची साल चिरायची आणि सुई-धाग्यानं शिवायची, अंदरचा गर दिसला नाही पाहिजे. मोठे साहेब, म्हणजे त्याइचे गुरू, पाठीमागे हात बांधून फिरते. ज्याचं केळ फाटलं त्याचं उकंड्याले भेटते. उकंडा म्हणे, यांना लवकर शिकू देऊ नका साहेब, माझी तब्येत सुधारून राह्यली.

मग भोपळा. लांब पात्याची सुरी आहे एक, तिनं भोपळ्याची साल कागदासारखी काढायची, एका दमात, भोक न पाडता. माणसाच्या मांडीची कातडी अशीच काढते म्हणे, अन् जिथं नाही तिथं लावते. तो सोललेला भोपळा मी भाजीले आणला.

आणि कातडी कापायच्या आधी फडकं कापते. शिंप्यावाणी. जखमेवर ओलं फडकं ठेवायचं, त्याचा आकार कातरायचा, धुतली तरी न जाणाऱ्या शाईनं खुणा करायच्या. मग ते फडकं उचलून चांगल्या कातडीवर ठेवायचं आणि त्याच्या काठाकाठानं कापायचं. आज एकानं फडकं पालथं ठेवलं तर साहेब असे बोलले त्याले की मलेच लाज वाटली. म्हणे, पालथ्या फडक्यानं डावं ते उजवं होते. असा माणूस घरी गेला तर त्याची बायको त्याले ओळखणार नाही, दार लावून घेईन.

सत्यशीलाची मान त्याइनं पाह्यली. होईन म्हणाले.

ता. ११ मार्च

थकली आज. फडकी संपत नाही. उकळत्या पाण्यानं बोटं सोलून निघाली.

तिघाइतला उत्तमसिंग म्हणून एक आहे, उमरखेडकडच्या बंजारा तांड्यातला. त्याच्या तांड्यात त्याच्या आधी कोणी मॅट्रिकपरेंत गेलं नाही म्हणते. बाकीचे दोघं त्याले चिडवते, तुझा दवाखाना बैलाच्या पाठीवर राहीन, आज इथं तर उद्या तिथं. तो आपला खाटेच्या पायाले दोऱ्याच्या गाठी मारत बसते. हात मात्र त्याचाच चांगला. मोठे साहेब यंदा एकालेच पुढच्या शिक्षणाले मुंबईले पाठवणार आहे, हे सगळ्याइले माहीत आहे, म्हणून तर चिडवते.

आज तो माझ्यावर रागावला. त्या नमुन्याच्या फडक्याइच्या कोपऱ्यात एक टाका असते, लोंबता दोरा. मी धुताना ते सगळे दोरे काढून टाकले. म्हणे मावशी, शाई दोन्हीकडून उतरते, टाका असला म्हणजे सुलटी बाजू समजते, काढू नका. मी म्हटलं, लोंबणारा दोरा मले पाहवत नाही. म्हणे, मग डोळे मिटून धुवा.

बरं आहे पोरगं.

ता. १६ मार्च

एक बुढी आणून टाकली रस्त्यावरून. जमनी नाव सांगते, बंजारीण आहे. केस पांढरे, तोंडात दात नाही, अंगाले मोहाचा वास. जलोदर आहे, पोट घागरीएवढं. भाच्यानं दवाखान्यात नेतो म्हणून बंडीत घातलं, अंगावरची सारी चांदी काढून घेतली आणि फाट्यावर सोडून गेला. दोन्ही हातात कोपरापरेंत पांढऱ्या बांगड्या तेवढ्या राह्यल्या. त्याले बाजारात भाव नाही म्हणून.

तिले सत्यशीलाच्या बाजूची खाट देली. पोट्टी म्हणे, बुढी उजवा पाय घासत चालते, टाचेले भेगा आहे, घोट्यावर गोंदणाचे टिंब आहेत. चेहरा विचारला तर म्हणे, चेहरा कुठून पाहू, माय.

ता. २२ मार्च

काल धुळवड होती. तिघंही डॉक्टर लाल-हिरवे होऊन आले, साहेबानं तसंच केळ शिवाले बसवलं. उत्तमसिंगनं अंगणात त्याच्या बोलीतलं होळीचं गाणं म्हटलं आणि जमनी खाटेवर उठून बसली. गाणं संपेपरेंत रडली. मग त्याले जवळ बोलावून त्याचा तांडा, त्याची याडी, सारं विचारत राह्यली. याडी म्हणजे माय.

दुपारी मी तिचं अंग पुसत होती. तिनं डाव्या हाताच्या बांगड्या वर सारल्या. आयुष्यभर बांगड्याखाली राह्यलेली कातडी, बाकी बुढी वाळून कोळ झाली पण तिथं लेकरासारखी मऊ. आणि त्यावर गोंदण. टिंबाइची वेल आणि वेलीखाली विंचू, नांगी अंगठ्याकडे वळलेली. लहानपणी तिच्या याडीनं मांडीवर धरून गोंदून घेतलतं. मले सांगे, चांदी भाच्यानं नेली तर नेली. हे कोणाले नेता येत नाही. मेल्यावर हेच तेवढं संगं येते. तिकडे याडी बसली असन, तोंड पाहून ओळखणार नाही ती मले, मी तिच्याहून बुढी झाली. ती हात पाहीन.

मग माझा हात धरून म्हणे, "बाई, मले जाळतानी या हाताले कोणाले हात लावू देजो नको."

मी म्हटलं हाव, हाव, नाही लावू देत, पाणी थंडं होऊन राह्यलं, सरक. अजून किती फडकी पडलती धुवाची.

आम्ही तर दीक्षा घेतली तेव्हा देव गाठोड्यात बांधून नदीत सोडले. तिकडे कोण बसते अन् काय.

ता. २७ मार्च

मान सोडवली. सकाऊन नेलं, दुपारी आणलं. हनुवटी वर, मान मागे, दोन्हीकडे रेतीच्या थैल्या. मांडीची कातडी काढून मानेवर लावली. आता तिले हलाचं नाही. नुसते कौलं पाहाचे.

शुद्धीवर आली तर म्हणे, माय, तू अशी दिसते का. मी म्हटलं, कशी. म्हणे, थकलेली.

बाहेर जाऊन तोंड धुतलं मी.

ता. २ एप्रिल

लावलेली कातडी सडली. आज पट्टी उघडली तर वास आला, सारी चिखलावाणी निघून आली. मान उघडी पडली, लाल. साहेब म्हणाले, मांडी भरेपरेंत दुसरी काढता येत नाही, थांबा. थांबलं तर मान पुन्हा आवळन, किंवा जखमेत विष होईन. मी म्हटलं, मग थांबा कायले म्हणता? ते दुसऱ्या खाटेकडे गेले. ताप आहे तिले. कण्हते पण रडत नाही.

ता. ३ एप्रिल

जमनी सकाऊन मेली. उकंड्याले जवळच्या तांड्यावर पाठवलं. तिथले म्हणे, आमची नाही.

आता जे झालं ते लिहिते. लिहाले हात होत नाही, पण लिहिते.

ज्याले कोणी नाही अशा मेलेल्यावर शिकाऊ डॉक्टर हात साफ करते, मग जाळते. इथं तशी रीत आहे. तिघंही आले. उत्तमसिंगच साहेबाले म्हणाला की मेलेल्या माणसाची कातडी जखमेवर लावता येते. टिकत नाही, पंधरवड्यात आपोआप गळून पडते, पण तेवढे दिवस पट्टीसारखी जखम झाकते. तोवर पोरीची मांडी भरन. साहेब म्हणाले, कर मग, तूच काढ, पाहू तुझा हात. मी दारात होती. माझ्या जिवात जीव आला.

बुढीची मांडी, पाठ आता सगळी पाणी भरून सुजलेली, फोडं आलेली. चांगली कातडी तेवढी हाताची, बांगड्याखालची. त्यानं बांगड्या काढल्या आणि गोंदण पाह्यलं. सुरी खाली ठेवली. म्हणाला, नको, दुसरं कोणी मिळेपरेंत थांबू.

मले माहीत होतं तो काहून थांबला. तिनं मलेच सांगतलं होतं, मलेच कबूल करून घेतलं होतं. पण माझी पोट्टी तिकडे कण्हत होती. मी म्हटलं, "थांबता कायले? तांड्याचं भेव वाटते का, डॉक्टर?"

बाकीचे दोघं हसले. त्याचं तोंड लाल झालं. त्यानं सुरी उचलली.

एका दमात काढली. भोक नाही, टरका नाही. साहेबानं पाठीवर थाप मारली. जमनीचा हात मी पाह्यला नाही.

त्याच्या आधी त्यानं नमुन्याचं फडकं कापलतं, आणि त्या फडक्यावर गोंदणाचं टिंबन्‌टिंब शाईनं उतरवून घेतलं. दोघाइनं विचारलं हे कायले. तो म्हणाला, उगाच. ते फडकं संध्याकाळी मी बाकीच्यासंगट, नेहमीसारखंच धुतलं. वाळल्यावर त्यानं ते आपल्या पेटीत ठेवलं.

ता. १४ एप्रिल

आज जयंती. उकंड्यानं चिंचेले निळा झेंडा बांधला, मी गोड भात केला. पोट्टीचा ताप उतरला आहे. मान झाकलेली, वास नाही. तीन घास भात खाल्ला. चांगलं झालं म्हणावं तर मीच आपली मरगळून गेली.

दुपारी सारी खोली झोपलती. सत्यशीला म्हणे, माय, कोण घासत चालून राह्यलं. मी म्हटलं उकंडा असन. म्हणे, उकंडा घासत नाही. पाय दिसले असते तर मीच सांगतलं असतं.

कौलावर माकडं असतील.

ता. १९ एप्रिल

गळून पडाची होती ती कातडी, पडली नाही. आज साहेबानं पट्टी उघडली आणि वाकून पाह्यलं. मग बोटानं दाबलं. पांढरी झाली, बोट उचललं तर पुन्हा गुलाबी. तिच्यात रक्त फिरून राह्यलं. पुस्तकात असं कुठंच नाही म्हणे. म्हाताऱ्या माणसानं चक्क टाळ्या वाजवल्या. नागपूरचे डॉक्टर पाहाले येणार आहे, येत्या महिन्यात. तोवर कोणी हात लावायचा नाही. उत्तमसिंगचं मुंबईचं पक्कं झालं.

मी त्याले म्हटलं, पेढे आणा आता. तो मानेकडे पाहत होता. म्हणाला, "मावशी, हे पडाले पाहिजे होतं."

मानेवर विंचू दिसते. आधी फिका होता. आता हिरवा, ओला असल्यासारखा.

ता. २२ एप्रिल

पोट्टी म्हणते, दुपारी एक बाई तिच्यावर वाकते. कोण, विचारलं. चेहरा ओळखीचा नाही म्हणते. केस पांढरे, तोंडात दात नाही. वाकून मानेकडे पाहते आणि बोटानं टिंबं चाचपते.

मी म्हटलं, सपन आहे. तर म्हणे, सपनात मोहाचा वास येते का, माय. आणि मग सहज, भाकर मागावी तसं म्हणे, तिचा एक हात सोललेला आहे.

जमनीचा चेहरा ह्या पोट्टीनं कधी पाह्यला नाही. हाताची कातडी काढली तेव्हा ती तिथं नव्हती. मी तिले काही सांगतलं नाही. कोणीच सांगतलं नाही.

आम्ही देव सोडले. भुतं कशी धरतो आम्ही? असं स्वतःले सांगते आणि झाडू घेते. एकच कोपरा दोनदा झाडते.

ता. २५ एप्रिल

मलेही ऐकू आलं. भर दुपारी. अंगणात ऊन फणफणत होतं, कोणी माणूस नाही. दारातून खाटेपरेंत. एक पाय टेकते, एक घासते. खाटेपाशी थांबलं. मी तिथंच बसली होती, माझ्या अंगावरून गेलं. घाई नव्हती त्यात. थकलेल्या माणसाचं चालणं. माझ्यासारखंच.

पोरीच्या छातीवर नवीन टिंब आहेत. जिथं कातडी लावलीच नव्हती तिथं. धुवून पाह्यले, निघत नाही.

ता. २७ एप्रिल

झोपेत याडी म्हणाली. दोनदा. ही बोली तिले कोणी शिकवली.

उठल्यावर सांगतलं तिनं. बाई रोज ओढून पाहते म्हणे. दुखत नाही. पण निघत नाही तर आज म्हणाली, छोरी, मग तूच चाल. माझी याडी गोंदण पाहीन आणि घरात घेईन. मी बाहेर बसीन.

पोट्टी म्हणे, माय, ती वाईट नाही. खूप थकली आहे.

मी पाठ फिरवली. भिंतीले डोकं टेकून उभी राह्यली.

ता. २९ एप्रिल

उत्तमसिंगले सारं सांगतलं. तो खालीच बसला, मातीत. त्यालेही ऐकू येते. त्याच्याकडे येऊन बसते ती, काही मागत नाही, नुसती पाहते. तो म्हणे, कातडी गळून पडली की ती नदीत सोडणार होतो, तिची तिले देणार होतो, म्हणून तर नमुना उतरवून घेतलता. परत केलेली तीच आहे हे समजाले.

मी म्हटलं, काढ मग. आता काढ. तो म्हणे साहेबाइनं मना केलं. मुंबई जाईन माझी. मग माझ्याकडे पाह्यलं, उठला, सुरी घेऊन आला.

काढता येत नाही. काठ उचलला तर रक्ताची धारच लागली, बोळे भिजले. मुळं गेली आहे अंदर. सारी काढली तर पोट्टी वाचत नाही. त्यानं काठ होता तसा दाबला आणि पट्टी बांधली.

साहेबाले कळलं. मुंबई गेली त्याची.

ता. २ मे

पोट्टी खात नाही. थैल्या काढल्या, मान वळते, खाली वर दोन्ही. चांगली झाली म्हणते सगळे. टिंब बेंबीपरेंत आले.

मले एक सुचलं. त्या बुढीले गोंदण पाहिजे. पोट्टी नको, गोंदण पाहिजे. तर माझं घे.

उत्तमसिंगकडून ते फडकं मागितलं. त्यानं पेटीतून काढून देलं. म्हणाला मावशी, तुम्ही आता असल्या गोष्टी मानत नाही ना. मी म्हटलं, मानत नाही. दे.

उद्या पांढरकवड्याचा बाजार. तिथं गोंदणारी बसते.

ता. ३ मे

झालं. डाव्या हातावर. फडकं हातावर दाबून तिनं टिंबाटिंबावर सुया मारल्या. मी तोंड फिरवून बसली. दाभणानं गोधडी शिवावी तसं शिवते ती बाई, वरून विचारते लगनाचं आहे का. हात सुजून भोपळा झाला. काय उतरलं, कसं उतरलं, काही दिसत नाही.

बंडीत उकंडा शिव्या देत नव्हता.

ता. ४ मे

आज आली नाही. की आली आणि मी झोपलती. पोट्टी म्हणते, दारातच बसून होती. वाट पाहून राह्यली.

कशाची?

ता. ५ मे

दुपार. पोरीच्या खाटेपाशी बसली आहे. उजव्या हातानं लिहिते. डावा उघडा ठेवला, बांगड्या काढून. सूज उतरली.

आली. दारातून.

मी म्हटलं, बाई, हे घे. तू सांगतलं आणि मी ऐकलं नाही. ती तुझी नाही, माझी आहे. हे घे आणि जा तुझ्या याडीकडे.

वाकली. मोहाचा वास. हातावर बोट फिरून राह्यलं, वेलीवरून, टिंब, टिंब. थंडं नाही. गरम नाही. दिसून राह्यली आता मलेही, थोडी. तिचा सोललेला हात माझ्या हाताशेजारी ठेवला तिनं, जुळवून पाहते —

विंचवापाशी थांबली.

नांगी करंगळीकडे आहे. माझी. तिची अंगठ्याकडे होती. पालथं फडकं, कोपऱ्यात टाका नव्हता, तो दोरा मी — धुताना मीच —

हात सोडला तिनं. रागावली नाही. मान हलवली नुसती, बाजारात खोटा दागिना परत करावा तशी. घासत चालली. खाटेच्या तिकडच्या बाजूले.

सत्यशीला उठून बसली. मी म्हटलं इकडे पाह, माझ्याकडे, तिच्याकडे नको. हात धरला तिचा. धरूनच लिहिते, सोडत नाही, सोडणार —

पाहते पोट्टी. मान खाली घालून पाहते, पहिल्यासारखी, माझ्या पायाकडे. बराच वेळ झाला पाहून राह्यली.

म्हणते, हे पाय कोणाचे —